साडेपाच मिलिमीटरची भिंत

"गाडी मिस मारतीय साहेब," हारवाला म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. दोन हजार सहाची खंडेनवमी, दुपारचे चार, द्वारकेचा चौक. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक, पुण्याकडून घुसणाऱ्या एस्ट्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध रस्ता बापाचा असल्यासारख्या मांडलेल्या झेंडूच्या पाट्या. मी इंजिन चालू ठेवूनच काच खाली केली होती आणि शुभांगीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, बजावल्याप्रमाणे एक मोठा आणि दोन लहान असे हार मागितले होते. पण हार द्यायचे सोडून त्या माणसानं बॉनेटवर तळवा टेकला होता आणि मान वाकडी करून तो काहीतरी ऐकत होता.  असा तळवा टेकणारा माणूस मला आयुष्यात एकच माहीत होता. पंपावर हात ठेवून तो बेअरिंग कधी जाईल ते सांगायचा, आणि साधारण त्याच आठवड्यात ते जायचं. तोपर्यंत त्यानं मान वर केली होती. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पुढचे दोन दात गेले होते. "वळखलं का, खैरनारसाहेब?" तो म्हणाला, आणि एवढा मनापासून हसला की मला त्याचा रागच आला.

"भिमाजी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ज्याला आपण बारा वर्षांपूर्वी मनातल्या मनात माफ केलं आहे असा माणूस अचानक समोर आला की बोलायला विषय नसतो. त्याला त्या माफीचा पत्ताच नसतो, हा अशा माफीतला मोठा दोष. आपण मोठेपणा करून बसलेले असतो आणि समोरचा हार विकत असतो. भिमाजीनं हार मागच्या सीटवर ठेवले, पाटीवर बसलेल्या सुनेला "भाग्यश्री, बघ गं जरा इकडं" असं ओरडून सांगितलं आणि मला विचारलं, "आडगाव नाक्यापत्तूर सोडता का? आज येक रिक्षावाला थांबंना. गुडघे लय दुखतात." नाही म्हणायला कारण सापडलं नाही. तो शेजारी बसला, धोतराचा सोगा सावरला, दार दोनदा आपटलं, कारण पहिल्यांदा ते नीट लागलं नव्हतं, आणि आम्ही गर्दीत अडकलो. पुढं ट्रक, मागं बस, बाजूला टेम्पो. गाडी वीतभर सरकायची आणि थांबायची. इंजिन खरोखरच मिस मारत होतं. सकाळपासून मारत होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, मला, ज्यानं उमेदीची दहा वर्षं इंजिनाशिवाय दुसरं काही केलं नाही.

मी इंजिनं डिझाइन करायचो. आता हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं, मलाही कधीकधी वाटतं. अंबडच्या आमच्या कंपनीनं एक्क्याण्णव साली छोटी डिझेल गाडी काढायचं ठरवलं आणि तिच्या इंजिनाचा ब्लॉक माझ्याकडे आला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. त्यात ओळीनं चार भोकं, भोकांत पिस्टन. काम ऐकायला सोपं. पण विक्रीवाल्यांना पिकअप हवा होता, कारण घाटात गाडी रडायला लागली की गिऱ्हाईक दुसऱ्या शोरूमला जातं. गिऱ्हाइकाला अ‍ॅव्हरेज हवा होता. बॉडीवाल्यांनी पुढं जागा अशी ठेवली होती की इंजिन आडवं बसवायचं आणि तेही आखूड. आणि सर्व्हिसवाले हात जोडून सांगत होते की दोन लाख किलोमीटर ते उघडायला लागता कामा नये. चौघांची एकच पासोडी. एकानं अंगावर ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे. ताकद वाढवायची तर भोक मोठं करायला हवं, आणि ब्लॉकची लांबी वाढवता येत नाही, म्हणजे दोन भोकांमधली भिंत पातळ होणार. शहात्तर मिलिमीटरचं भोक मी साडेअठ्ठ्याहत्तर केलं. मधली भिंत आठाची साडेपाच झाली. चीफ म्हणाले, "खैरनार, अंथरूण पाहून पाय पसरावेत." मी म्हणालो, "सर, पाय दुमडायची कला असते." काय माज होता! तीन महिने मी त्या साडेपाच मिलिमीटरचे आकडे मांडत होतो. किती उष्णता, किती दाब, कुठून पाणी फिरवलं म्हणजे भिंत थंड राहील. कागदावर ती राहत होती. कागदावर ती मजेत राहत होती.

माझ्या वडिलांचं नामपूरला कांदा मार्केटच्या मागं विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. एका सिलिंडरची, रेड्याएवढी इंजिनं. त्यांच्या भिंती बोटभर जाड; धुरानं काळं झालेलं पत्र्याचं शेड, ऑइलचा वास, आणि खालच्या आळीपर्यंत ऐकू जाणारी टुकटुक. सुट्टीत घरी गेलो की मी त्यांना माझी ड्रॉइंगं दाखवायचो. ते चष्मा लावून बघायचे, कळत नसताना मान हलवायचे, आणि मग शेडमधल्या एखाद्या तीस वर्षांच्या धुडावर थाप मारून म्हणायचे, "भिंत जाडी शे, म्हनीसन टिकस." भिंत जाड आहे म्हणून टिकतं. मला हसू यायचं. जाड करून टिकवणं कुणालाही येतं, त्याला इंजिनिअर कशाला हवा? लोखंड ओतत राहिलं की झालं. अक्कल लागते ती पातळ ठेवून टिकवायला. हे मी त्यांना बोललोही होतो एकदा, जेवताना, आई समोर असताना. ते भाकरीचा तुकडा आमटीत भिजवत राहिले. इंजिन टेस्टला लागलं त्या वर्षी ते गेले, आणि इंजिन फुटलेलं बघायला ते नव्हते याचं मला समाधान वाटलं होतं. असलं समाधान वाटून घेणारा मी मुलगा.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात इंजिन टेस्ट बेडवर चढलं. हजार तास, पूर्ण लोडवर, न थांबता. हजार तास धावलं की पास, मग कारखान्यात त्याची लाइन उभी राहणार, गाडीवर ते बसणार, आणि रस्त्यावर माझी भिंत हजारोंच्या संख्येनं पळणार. नापास झालं तर चीफच्या टेबलावर परदेशी इंजिनाच्या करारांचे कागद तयारच होते. सहा आठवडे मी कारखान्यात राहत होतो म्हटलं तरी चालेल. झोपेतही मला ती घरघर ऐकू यायची. शुभांगी म्हणायची, जेवताना तुमचा पाय हलतो, तो त्या इंजिनाच्या तालावर हलतो. इंजिन गरम झालं की टेस्ट आपोआप बंद करणारी एक ट्रिप असते. ती आमच्याकडची सारखी उगाचच पडायची, काही झालेलं नसताना. एकदा पडली की न थांबता धावण्याचे तास मोडले, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या शंभर तासांत दोनदा तसं झालं तेव्हा मी स्वतः जाऊन तिची वायर काढून ठेवली. तसं करायचं नसतं. पण सगळेच कधी ना कधी करतात. आणि मी करणार नाही तर कोण? इंजिन माझं होतं.

आठशे एकाहत्तराव्या तासाला खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे लेथपासून स्टेपलरपर्यंत सगळ्याची पूजा. मशीन बंद करून पुसायचं, हळदकुंकू, झेंडू, आंब्याची पानं, नारळ. हत्याराला एक दिवस विसावा. अख्ख्या शॉपमध्ये शांतता पसरली होती. फक्त माझं इंजिन धावत होतं, आणि त्याला पाणी देणारा पंपहाऊसातला पंप. टेस्ट बेडचा ऑपरेटर झुंबर पेढे वाटायला गेला होता. अकरा वाजता त्यानं लॉगशीटवर पाण्याचं तापमान लिहिलं होतं, ब्याऐंशी, आणि त्यानंतर काही लिहिलं नव्हतं. मी शॉपच्या पूजेत उभा होतो. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्या शांततेत एक आवाज आला, फारसा मोठा नाही, फळी मोडावी तसा, आणि घरघर थांबली. धावत गेलो. सायलेन्सरमधून पांढरी वाफ, खाली ऑइल आणि पाणी एकत्र होऊन दुधाळ झालेलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली भिंत वरपासून खालपर्यंत चिरली होती. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं, आणि शेपटीत हत्ती मेला.

तिथून मी सरळ पंपहाऊसात गेलो. का, ते आजही नक्की सांगता येणार नाही. बहुतेक माझ्याशिवाय दुसऱ्या कशाचा तरी दोष शोधायला. पंपवाला भिमाजी तिथं नव्हता, प्रसाद वाटायला गेला असावा. पंप चालू होता. पण त्याच्या अंगावर ताजा हार होता, आणि स्टार्टरच्या पेटीवर, नेमकं हिरव्या-तांबड्या बटणांवर, ओलं कुंकू ओघळलेलं होतं. खाली नारळाचं पाणी. मला एका क्षणात सगळं दिसलं. भाविक माणूस. वर्षभर ज्या पंपाजवळ बसून बिडी ओढतो त्याला आजच्या दिवशी विसावा नको? दहा मिनिटं बंद केला असणार. पुसला, पूजा केली, आरती म्हटली, पुन्हा चालू केला. दहा मिनिटं माझं इंजिन पूर्ण लोडवर, पाण्यावाचून. ट्रिप नाही, वायर मीच काढलेली. साडेपाच काय, आठाची भिंतही राहिली नसती. तिथं उभा असताना मला दुःख झालं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. माझी भिंत चांगली होती. तिला एका अडाणी माणसाच्या भक्तीनं मारलं होतं.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. चीफनी विचारलं, "कूलिंग?" मी म्हणालो, "व्यवस्थित होतं सर. पाणी पूर्ण वेळ चालू होतं." कारण पंपाचं नाव घेतलं असतं तर ट्रिपची काढलेली वायरही उघडकीला आली असती. पण मी स्वतःला सांगितलं ते कारण हे नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, की गरीब माणूस आहे, घरी बायको गोजराबाई, तीन पोरं, माळ्याचा हात म्हणून चार गुंठ्यांत फुलं काढतो आणि वरून ही नोकरी. आपण बोललो तर उद्या गेटाबाहेर. इंजिन पुन्हा करता येईल, माणूस करता येत नाही. असली वाक्यं मला तेव्हा सुचायची. रिपोर्टात लिहिलं गेलं: डिझाइन अपुरं, ताकदीच्या मानानं इंजिन लहान, भिंत पातळ. मी खाली सही केली, आणि सही करताना मला हुतात्म्यासारखं वाटलं. परदेशी इंजिन आलं. मला मेंटेनन्सला टाकलं, पंप, कॉम्प्रेसर आणि संडासाच्या टाक्यांचा साहेब म्हणून. आणि गंमत अशी, की पंपहाऊस माझ्या हाताखाली आलं, म्हणजे भिमाजीही. सात वर्षं तो रोज सकाळी मला रामराम करायचा, आणि मी रोज मनात म्हणायचो, तुला माहीत नाही मी तुझ्यासाठी काय सोडलंय. दर खंडेनवमीला तो माझ्या टेबलावर प्रसाद आणून ठेवायचा. मी तो कधी खाल्ला नाही.

आणि दोन हजार एक. मंदी, मोठ्या हॉटेलातल्या मीटिंगा, व्हीआरएस. स्वेच्छानिवृत्ती म्हणायची पद्धत, बाकी त्यात स्वेच्छा कुणाची असते ते सगळ्यांना माहीत. माझ्याकडे सहा नावं मागितली. पाच लिहायला मला एक आठवडा लागला. प्रत्येकाचं घर आठवत होतं. सहावं मी एका मिनिटात लिहिलं. मेंटेनन्समधला सगळ्यात चांगला माणूस होता तो, मला ठाऊक होतं. त्याच्या पाळीत पंप बंद पडल्याची एकही नोंद नव्हती. नोंद नव्हती, म्हणून तर मला एकट्याला माहीत होतं! नाव लिहून झाल्यावर मी पेनाचं टोपण लावलं आणि कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले. भूक चांगली लागली होती.

"साहेब, येक इचारू? रागवू नका," भिमाजी म्हणाला. आम्ही द्वारका सोडून गोदावरीच्या पुलाकडे सरकत होतो.

"विचारा की."

"मला घरी पाठवलं ती यादी तुमच्या हातची व्हती ना? हापिसातला सावळीराम मला तव्हाच बोलला व्हता." तो समोर ट्रककडे बघत बोलत होता, तक्रार केल्यासारखं नाही, पत्ता विचारल्यासारखं. "मंग म्या इचार केला, साहेब काय उगी नाव लिव्हायचे नाय. साहेब तसा माणूस नाय. माझ्या हातनं काय तरी झालं असंल. पाच वर्षं डोकं खाजवतोय बघा. कोन्ता पंप जाळला, कोन्ता व्हॉल्व्ह उघडा सोडला, कुनाला उलटं बोललो. काय घावंना. आज तुम्ही घावले. तेवढं सांगून टाका. काय चुकलं व्हतं माझं?"

यादी वरून आली होती, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो मानेनं हो म्हणाला असता आणि नाक्यावर उतरून गेला असता. पण मला खोटं बोलायचं नव्हतं. खरं म्हणजे मला बोलायचंच होतं. बारा वर्षं मी हे एकट्यानं गिळून बसलो होतो, शुभांगीलाही कधी सांगितलं नव्हतं. याच्या ओंजळीत एकदा टाकावं, बघू दे याला, कशावर पाय देऊन हा इतकी वर्षं उभा आहे. मी शांतपणे म्हणालो, "भिमाजी, चौऱ्याण्णवच्या खंडेनवमीला तुम्ही पूजेसाठी पंप बंद केलात. माझं इंजिन टेस्टवर होतं. ते त्यानं फुटलं. मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

तो आख्खाच्या आख्खा माझ्याकडे वळला. "म्या? पंप बंद?"

"मी बघितलं ना. हार होता. बटणांवर कुंकू होतं, ओलं."

"आवो, कुंकू व्हतं की! पंप चालू व्हता, साहेब. चालू पंपाजवळ कोन हात घालतो? लांबूनच वाहिलं, म्हनून तर समदं स्टार्टरवर सांडलं." त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. "बंद कसा करीन? तुम्हीच तर पंपहाऊसात येऊन सांगून गेल्ते, भिमाजी, हजार तास, डोळ्यात तेल घाला. म्या तर घरचे घट बसलेले सोडून डब्बल पाळी करत व्हतो. आन् बंद केला असता, तर भोंगा नसता का वाजला? कॉम्प्रेसरचं पानी त्याच लायनीला. पंप बंद झाला का, कॉम्प्रेसर बंद असला तरी, दोन मिनिटात बोंबलतो तो, गेटापत्तूर. तुम्हाला तर माझ्यापरीस जास्त ठावं."

ठावं होतं. सात वर्षं मी त्या मेंटेनन्सचा साहेब होतो. त्या पाइपलाइनचं ड्रॉइंग माझ्या खुर्चीच्या मागं भिंतीवर लावलेलं होतं. एक पंप, एक लाइन, तिला दोन फाटे, एक टेस्ट बेडला आणि एक कॉम्प्रेसरला. तो भोंगा माझ्या काळात चार वेळा वाजला होता आणि चारही वेळा मी पायऱ्या चुकत पंपहाऊसाकडे धावलो होतो. आणि त्या खंडेनवमीला अख्खा शॉप शांत होता, मी त्या शांततेत हात जोडून उभा होतो, आणि भोंगा वाजला नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. प्रत्येक तुकडा वेगवेगळा माहीत होता. एक इंजिनिअर, आकड्यांना आकडे जोडून पोट भरणारा, बारा वर्षांत हे दोन तुकडे शेजारी ठेवू शकला नाही. शकला नाही कसला, ठेवले नाहीत. हात जवळ नेले की मागं घेतले. नाचता येईना आणि अंगण वाकडं. माझं अंगण तर बिचारं चोख सारवलेलं होतं. भिंत पातळ होती, बस. साडेपाच मिलिमीटर पुरत नाहीत हे एका शेडमधल्या चष्मेवाल्या माणसाला ड्रॉइंग न कळता कळलं होतं, चीफना कळलं होतं, रिपोर्ट टाइप करणाऱ्याला कळलं होतं. चौकशीत मी 'पाणी पूर्ण वेळ चालू होतं' म्हणालो होतो. ते माझं आयुष्यातलं एकमेव उदात्त खोटं, आणि ते खरं निघालं.  हातांना स्टिअरिंग गुळगुळीत लागायला लागलं. मागचा बसवाला हॉर्न देत होता, पुढं रस्ता मोकळा झाला होता, आणि मी गिअर टाकायचा विसरलो होतो.

पूल गेला, पंचवटी गेली.  मग भिमाजीनं विचारलं, "मंग इंजिन कशानं गेलं, साहेब?"

"भिंत पातळ होती. आतली."

"कुनी केल्ती पातळ?"

"मी."

त्यानं मान हलवली. मला वाटलं, आता हा शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या. एक सणसणीत शिवी मिळाली असती तर हिशेब नाही, पण निदान आवाज तरी झाला असता. त्यानं नुसता गुडघा चोळला आणि म्हणाला, "येकदा इचारायचं व्हतं. पंपहाऊस काय लांब व्हतं का तुम्हाला?" आणि मग, जरा थांबून, "बरं झालं. माझं काय चुकलं नव्हतं, येवढं कळलं."

नाक्यावर मी गाडी कडेला घेतली. तो उतरला, पण दार लावेना. दाराला धरून वाकून उभा राहिला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता, आणि ते मला बघवत नव्हतं. "साहेब, तुम्ही चला ना घरी," तो म्हणाला. "गल्लीत गाडी जात नाय, पायी दोन मिनिटं. गोजराला तुमच्या तोंडानं सांगा. ती पाच वर्षं म्हनती, साहेब लोक उगी काढत नसत्यात, तूच काय तरी शेण खाल्लं असंल. भांडान झालं का पहिलं तेच काढती. पोरंबी तसंच समजत्यात. माझं कुनी ऐकत नाय. तुम्ही सांगितलं का ऐकतील. येवढं करा. जास्त नाय."

मी घड्याळाकडे पाहिलं. म्हणालो, घरी शुभांगी वाट बघत असेल, सणाचं आहे, दसरा झाला की नक्की येतो, पत्ता माहीतच आहे. पत्ता मला माहीत नव्हता आणि त्यानं तो सांगितलाही नाही. "या मंग," तो म्हणाला, आणि दार हलकेच लावलं. ते नीट लागलं नाही, पण या वेळी त्यानं ते पुन्हा आपटलं नाही. तो गल्लीकडे निघाला, एका पायावर झुकत, मधेच एका ओळखीच्या माणसाला हात करत. त्याला हाक मारायला अजून वेळ होता. दोन मिनिटांचं चालणं, एका बाईसमोर उभं राहून बोलायची तीन वाक्यं. मी काच वर केली. मला त्याची दया आली नाही, स्वतःची लाज वाटायला हवी होती तीही वाटली नाही. ती नंतर वाटेल, घरी, जेवताना. त्या घडीला मला भिमाजीचा फक्त राग आला होता, पूर्वी कधी आला नव्हता एवढा. या माणसानं त्या दिवशी पंप बंद करायला हवा होता.